एकटाच सरळ उभा असलेला फोटो

१

बाबा हरवल्याला एक रात्र उलटून गेली होती आणि मी खिडकीपाशी बसून फोटो सरळ करत होते.

ऐकणाऱ्याला हे वेडेपणाचं वाटेल. मलाही वाटत होतं. पण आमच्या स्लिवोदोल गावच्या वाचनगृहाची वेबसाइट मी सांभाळते, आणि काल दुपारी तिच्यावर मीच पान उघडलं होतं: ‘त्सांको आजोबांना पाहिलंत का?’ कुणालाही फोटो टाकता यावा, कुणी बिचकू नये, म्हणून नाव लिहिण्याची सक्तीही ठेवली नव्हती. लोकांनी भराभर फोटो पाठवले. बाबांचे जुने फोटो, रस्त्यात दिसलेल्या कुणाकुणा म्हाताऱ्यांचे फोटो. आणि पानावर चढले की सगळे उभे फोटो आडवे होत होते. माझा बाप लग्नात आडवा, अंगणात आडवा, शेळीला पाला घालताना आडवा, आणि शेळीही आडवी. मान वाकडी करून लोक माणूस ओळखणार कसे? म्हणून मी एकेक फोटो उतरवून घेत होते, फिरवत होते, पुन्हा चढवत होते. हात चालू राहिले नसते तर मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं असतं.

बाबा ऐंशीच्या पुढचे. जन्मभर जंगलराखे होते. दोन हिवाळ्यांपासून त्यांना माणसं आठवत नाहीत, वाटा आठवत नाहीत. फोन खिडकीत चार्जिंगलाच राहिला होता. रेडिओवर सकाळपासून एकच सांगत होते की संध्याकाळपर्यंत डोंगरात बर्फ पडेल. एक रात्र त्यांनी कशीबशी काढली असेल. दुसरी निघाली नसती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आधार एकाच फोटोचा होता. काल दुपारी कुणीतरी नाव न देता टाकलेला. बाबा जिल्ह्याच्या बसस्थानकाच्या पाटीखाली उभे, अंगात तपकिरी कोट, डोक्यावर टोपी. खाली लिहिलं होतं, ‘आत्ताच इथे पाहिलं.’ त्या एका फोटोवर सगळा शोध शहरात गेला. गावातले धडधाकट गडी, पोलिसांची कुत्री, सगळं तिकडे.

दार वाजलं. जिल्ह्याहून आलेल्या कॅप्टन नेद्याल्का आत शिरल्या. जाडजूड बाई, कोटाच्या खिशात सूर्यफुलाच्या बिया, बोलता बोलता एकेक फोडून खाणार. टरफल मात्र कधी खाली पडू देणार नाहीत.

“स्थानकावरचा कॅमेरा मागच्या हिवाळ्यापासून बंद आहे,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या गावाहून जाणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांना मी विचारलं. काल कुणीही तुझ्या बापाला बसमध्ये घेतलेलं नाही.”

“मग ते शहरात पोचले कसे?”

“तेच तर. पायी पोचायचं वय नाही. म्हणजे कुणीतरी गाडीत घालून नेलं, पोरी. आणि म्हातारा अनोळखी माणसाच्या गाडीत चढत नाही, असं तूच मला काल सांगितलंस.”

मी मान हलवली. बी फोडत त्या खुर्चीत बसल्या.

“तर मग घरातली आणि शेजारची माणसं एकेक करून इथे बोलाव. चुलीवर काही असेल तर मलाही दे.”

२

पहिले गांचो काका आले, पलीकडच्या घरातले. त्यांचं आणि बाबांचं भांडण गावाला पाठ होतं. आमच्या आलुबुखाराच्या झाडाची एक फांदी त्यांच्या अंगणावर जाते, त्यावरून.

“परवासुद्धा भांडलात म्हणे,” कॅप्टनबाई म्हणाल्या.

“भांडणारच. माझ्या खांबावरच्या घरट्यात करकोचा उतरला. ह्यानं तो बघितला आणि लगेच मनगटाचा मार्चचा दोरा सोडून झाडाला बांधायला निघाला. बांधला कुठं? माझ्या बाजूच्या फांदीला! म्हटलं, त्सांको, स्वतःच्या बाजूला बांध की. तर म्हणतो, फूल तुझ्याच बाजूला आलंय, मी काय करू? चढ्या आवाजाचा माणूस.” काकांचा आवाज एकदम बसला. “काल सकाळपासून त्याची शिवी ऐकली नाही. करमत नाही हो.”

“फोन दाखवा.”

काकांनी खिशातून बटणांचा जुना डबा काढला. त्यातून फोटो सोडा, धड आवाजसुद्धा येत नाही.

मग माझा भाऊ ल्यूबेन. तो शहरातच राहतो. पहाटे गावात आला तेव्हा त्याचा घसा पार बसला होता.

“तुला बापाला वृद्धाश्रमात ठेवायचं होतं,” कॅप्टनबाईंनी सरळच विचारलं.

“होतं. अजून आहे. घरात कुणी नसताना ते बाहेर पडतात, हेच मी वर्षभर ओरडून सांगतोय. माझं कुणी ऐकलं?” त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. “रात्रभर स्थानकात हाका मारत फिरलो. प्रत्येक बाकाखाली वाकून बघितलं. त्या हॉलमध्ये इतके हीटर लावतात की शर्ट भिजून गेला, कोट हातात घेऊन फिरत होतो. एक फुलवाली म्हणाली, असा कुणी म्हातारा आलाच नाही. मी तिच्याशी भांडलो. म्हटलं, फोटो आहे माझ्याकडे.”

शेवटी माझा नवरा रादोस्तिन आला. तो लॉरी चालवतो. रात्रभर तोही शहरात शोधत होता. डोळे लाल, दाढी वाढलेली.

“काल सकाळी मी खडी घेऊन निघालो तेव्हा बाबा चुलीपाशी बसले होते,” तो म्हणाला. “बिस्त्रा वाचनगृहात गेली होती. दुपारी आलो तर घर रिकामं.”

“सासऱ्याचं आणि तुझं पटायचं?”

“आधी नाही पटायचं. मग पटायला लागलं.”

यातलं खरं असं की तीन वर्षांपूर्वी रादोस्तिन चोरटं लाकूड वाहताना पकडला गेला होता. न्यायाधीशांनी शिक्षा लांबणीवर टाकली आणि बजावलं, पुन्हा सापडलास तर थेट तुरुंग. जंगलराख्याचा जावई लाकूडचोर! बाबा वर्षभर त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मग आजाराने ते सगळं पुसून टाकलं आणि दोघं पुन्हा एका ताटलीतून चीज भरलेली बनित्सा खायला लागले. त्या आजाराचा आमच्यावर तेवढा एकच उपकार.

“काल नेलेली घोंगडी कुठेय?” मी रादोस्तिनला विचारलं.

“स्थानकात एक म्हातारा बाकावर कुडकुडत होता. त्याला देऊन टाकली. दुसऱ्या दोन काढून ठेव, आणि थर्मासमध्ये गरम चहा भर. तासभर पडतो आणि परत जातो.”

तो आतल्या खोलीत गेला. माझ्या मनात आलं, माझ्या बापासाठी याचा जीव किती तुटतोय. मी कपाटातून घोंगड्या काढून दारापाशी ठेवल्या.

३

कॅप्टनबाई घेवड्याचं सूप ओरपत होत्या आणि मी परत फोटोंना लागले होते.

“हे काय चाललंय तुझं मघापासून?”

“आडवे झालेले सरळ करतेय.”

“आडवे का होतात?”

कुणीतरी काहीतरी विचारतंय, याचंच मला बरं वाटलं. “फोन आपण उभा धरतो, पण तो आतमध्ये फोटो आडवाच ठेवतो. आणि त्याच्यासोबत एक खूण ठेवतो, की दाखवताना ही बाजू वर करा. खोक्यावर बाण काढलेला असतो ना, तसं. फोनमध्ये बघताना ती खूण वाचली जाते, म्हणून फोटो सरळ दिसतो. आमचं पान फोटो लहान करताना सगळ्या खुणा काढून फेकतं. मग उरतो आडवा फोटो. सांगून कंटाळले, पण वाचनगृहाच्या समितीला पान दुरुस्त करायला वेळ नाही.”

“आणि तू काय करतेस?”

“फोटो उघडते, खरोखरचा फिरवते, आणि नव्याने साठवते. मग खुणेची गरजच उरत नाही.”

त्या मान वाकडी करून पडदा न्याहाळत होत्या. बाबा आडवे, बाबा आडवे, बाबा आडवे. मग त्यांची मान सरळ झाली.

“हा बरा सरळ आहे. हा तू आधीच केलास?”

बसस्थानकाचा फोटो होता.

“नाही. तो आला तेव्हापासून सरळच आहे. त्यातल्या त्यात एक काम वाचलं.”

बी फोडायला वर नेलेला त्यांचा हात तोंडाशीच थांबला. “उभाच आहे ना तो? रुंद नाही. म्हणजे फोन उभा धरूनच काढलेला.”

“हो.”

“मग तो आडवा का नाही झाला?”

कालपासून मी त्या फोटोकडे देवाच्या तसबिरीसारखी बघत होते. तो सरळ का आहे, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

४

“एखाद्या फोनची पद्धत वेगळी असते,” मी म्हणाले. “तो मुळातच सरळ ठेवत असेल.”

“असेल. नाहीतर?”

“नाहीतर पानावर टाकण्याआधी कुणीतरी तो उघडलाय. त्यात काहीतरी करून पुन्हा साठवलाय. जसं मी करते.”

“स्थानकावर हरवलेला म्हातारा दिसतो. माणूस घाईघाईनं फोटो काढतो, ‘आत्ताच पाहिलं’ असं लिहितो. त्यात काहीतरी करत बसायला त्याला सवड कुठली? आणि करायचं तरी काय असतं?”

“काहीही. उजेड वाढवणं. नाहीतर नको असेल ती कड कापणं.”

“कापणं,” त्या म्हणाल्या. “मोठा कर बघू.”

मी फोटो मोठा केला. वर पाटी पूर्ण होती. दोन्ही बाजूंना जागा मोकळी. खाली मात्र बाबांचा उजवा हात कोटाच्या बाहीपाशीच संपत होता. फोटो काढणारा माणूस डोक्यावर एवढी मोकळी जागा सोडतो आणि हात तोडतो? बाहीच्या टोकाला, अगदी कडेवर, एक लाल ठिपका होता. मी तो काल रात्रीच पाहिला होता आणि कोटाचं बटण समजले होते.

“तुझ्या बापाच्या कोटाला लाल बटणं आहेत?”

नव्हती. ती बटणं मीच शिवली होती, काळी. मी आणखी मोठं केलं. लाल ठिपक्याला पांढरा धागा चिकटलेला दिसला. ते लोकरीच्या गोंड्याचं टोक होतं.

आमच्याकडे मार्च लागला की लहानथोर सगळे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात. करकोचा किंवा पहिलं फुललेलं झाड दिसलं की तो सोडायचा आणि फांदीला अडकवायचा. एकदा सोडलेला दोरा परत कुणी बांधत नाही, बाबांसारखा विसराळू माणूसही नाही. ही सवय डोक्यात नसते, हातात असते.

मी खिडकीबाहेर पाहिलं. गांचो काकांच्या बाजूच्या फांदीवर बाबांचा दोरा वाऱ्याने हलत होता. परवा माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो बांधला होता, शिव्यांच्या गजरात.

“काल बाबांच्या हातात दोरा नव्हता,” मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. “हा फोटो कालचा नाही.”

“आणि ते कुणाला तरी पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यानं हात कापला. गावात करकोच्यावरून झालेलं भांडण ज्यानं ऐकलं, असं कुणीतरी.” त्यांनी सुपाची वाटी बाजूला सारली. “म्हणजे म्हातारा शहरात गेलाच नाही. या महिन्यात तो त्या स्थानकावर कधी होता?”

“महिन्याच्या सुरुवातीला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं.”

“कुणी?”

मला उत्तर द्यायचं नव्हतं.

५

डोळ्यांसाठी त्यांना रादोस्तिन घेऊन गेला होता. गुडघे दाखवायला म्हणून गांचो काकाही सोबत होते. आणि ल्यूबेन त्यांना घ्यायला स्थानकावर आला होता. तिघेही त्या पाटीखाली उभे होते.

“तिघेही,” कॅप्टनबाई म्हणाल्या. “बरं. शेजाऱ्याच्या डब्यातून फोटो निघत नाही. तो सुटला. आता तुझा भाऊ. फोटो खोटा आहे हे ठाऊक असलेला माणूस रात्रभर ओरडून घसा बसवून घेईल? फुलवाली म्हणते इथे कुणी आलंच नाही, तर तिच्याशी भांडेल?”

“नाटक करता येतं,” मी म्हणाले. आपल्या सख्ख्या भावाबद्दल मी असं बोलले. कारण तो सुटला असता तर एकच जण उरत होता.

“येतं. पण स्थानकात त्याचा शर्ट उकाड्यानं भिजला, हे त्यानं कुणी न विचारता सांगितलं. नाटक करणारा थंडीत कुडकुडलो असं सांगेल, ते जास्त शोभतं.” त्यांनी आवाज खाली आणला. “आणि त्याच हॉलमध्ये, त्याच रात्री, एक म्हातारा इतका कुडकुडत होता की त्याला घोंगडी देऊन टाकावी लागली. हे मला कुणी सांगितलं, पोरी?”

दारापाशी मीच काढून ठेवलेल्या दोन घोंगड्या होत्या, आणि थर्मास. हीटर लावलेल्या स्थानकात माणूस शोधायला जाताना कुणी घोंगड्या नेत नाही. उघड्यावर पडलेल्या माणसाला शोधायला जाताना नेतो.

मी काय काय आठवत गेले ते सांगता येणार नाही. आमचं लग्न आठवलं, आणि बाबांना आंघोळ घालताना बाह्या वर करणारा रादोस्तिन आठवला. ते खोटं नव्हतं. तरी त्यानेच सगळ्या गावाला चुकीच्या दिशेला धाडलं होतं, आणि बाहेर आभाळ राखाडी व्हायला लागलं होतं.

आतल्या खोलीचं दार उघडलं.

६

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कॅप्टनबाईंकडे, मग पडद्यावर मोठ्या केलेल्या त्या लाल ठिपक्याकडे. तो बूट घालायला लागला.

मी दारात आडवी उभी राहिले. “कुठे निघालास?”

“शोधायला.”

“कुठे?”

“बिस्त्रा, बाजूला हो. उशीर होतोय.”

“उशीर तू केलायस. कुठे, एवढंच सांग.”

त्याच्या हातातली बुटाची नाडी सुटली. “घरात त्यांना एकटं कसं ठेवायचं? तूच म्हणतेस, एकटं ठेवू नका. म्हणून लॉरीत बसवलं. म्हटलं, बाबा, हलायचं नाही, आत्ता येतो. परत आलो तर दार उघडं. दुपारपर्यंत ओरडत फिरलो गं.”

“तिथे तू काय करत होतास?”

उत्तर कॅप्टनबाईंनी दिलं. “लाकूड. खडी नव्हतीच. शोधपथक वर गेलं असतं तर आधी तोडलेले ओंडके सापडले असते, आणि या वेळी न्यायाधीश समज देऊन सोडणार नाही.”

“मला वाटलं, मला सापडतील,” रादोस्तिन म्हणाला. “सगळे तिकडे गेले की मी हळूच जाऊन घेऊन येईन. अंधार पडायच्या आत. मग अंधार पडला. मग सांगायचं कोणत्या तोंडानं?”

“कुठे?” मी किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्या अंगावर किंचाळले.

“अस्वलझऱ्याच्या वर. जुन्या बीच झाडांच्या रानात.”

७

ल्यूबेनने शहरातल्या लोकांना फोन करून परत बोलावलं, पण त्यांची वाट बघत बसायला वेळ नव्हता. गावात उरलेले सगळे निघाले: म्हातारेकोतारे, बायका, पावरोटीवाला, गुडघ्यांसकट गांचो काका. पुढे रादोस्तिन आणि त्याचा दंड धरून कॅप्टनबाई. झरा मागे पडला तेव्हा पहिले हिमकण माझ्या बाहीवर उतरले.

ओंडके दिसले. कापलेल्या बुंध्यांची नवी पांढरी तोंडं दिसली. रादोस्तिन एका बुंध्यापाशी थांबला. “घोंगडी इथे ठेवली होती. चुकून या वाटेनं आलेच तर, म्हणून.”

बुंध्यावर घोंगडी नव्हती.

आम्ही पांगलो. बर्फ दाट व्हायला लागला. मी हाका मारत होते आणि रान माझी हाक गिळून टाकत होतं. मग खालच्या बाजूने, पडक्या मेंढवाड्याकडून गांचो काकांचा आवाज आला.

“त्सांको! अरे मूर्खा! इथं कोपऱ्यात काय बसलायस? ऊठ!”

ते रडत होते. भिंतीच्या आडोशाला बाबा घोंगडीत गुरफटून बसले होते. ओठ निळे, पायात एकच बूट. पण काकांचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि अस्सल शिवी हासडली. इतका गोड शब्द मी जन्मात ऐकला नाही.

रादोस्तिनला खाली गाडीत बसवलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “श्वास नीट चाललाय ना त्यांचा?” मी हो म्हटलं. मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटत होती, आणि त्याच्या अंगावर नुसता सदरा होता म्हणून त्याला कोट द्यावासाही वाटत होता. दोन्ही केलं नाही. उभी राहिले आणि गाडी वळणाआड जाऊ दिली.

स्ट्रेचरवरच्या बाबांचा फोटो ल्यूबेनने तिथूनच पानावर टाकला. ‘सापडले.’ अर्थातच तो आडवा झाला. बाबा, स्ट्रेचर, गांचो काका, झाडं, सगळं आडवं. लोक मान वाकडी करून बघत आहेत, हसत आहेत, आम्हाला कळवत आहेत. समितीनेही फोन केला की आता तरी हा सरळ करा. मी केला नाही. त्याला कुणाचा हात लागलेला नाही, तो तसाच राहणार.

इस्पितळात बाबांच्या पायाची दोन बोटं गेली. बाकी ते बरे आहेत. आठवत मात्र काही नाही, म्हणजे असं मी समजत होते. परवा मी सूप भरवत असताना त्यांनी माझा हात धरला.

“पोरी, रादोस्तिन माझ्यावर रागावलाय का? भेटायला येत नाही. तो म्हणाला होता, गाडीतच थांबा.”

“मग उतरलात कशाला, बाबा?”

“करवत वाजली ना. वरच्या रानात, माझ्या जुन्या बीचमध्ये.” त्यांच्या डोळ्यांत क्षणभर तो पूर्वीचा जंगलराखा आला. “कुणीतरी चोरून झाड पाडत होतं. रादोस्तिनला हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. म्हणून मीच निघालो पकडायला. पण वाट काही सापडली नाही.” त्यांनी माझा हात घट्ट दाबला. “चोर सापडला का गं?”

मी चमचा वाटीत ठेवला.

“सापडला, बाबा.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “रादोस्तिनला सांग. त्याला बरं वाटेल.”